परदेशातून गाडी मुंबईत आणताना: आधी पात्रता, मग हिशोब, मग पैसे, सगळ्यात शेवटी जहाज

परदेशातून गाडी आणायचं ठरलं की जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, 'ड्युटी किती पडेल?' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ही गाडी भारतात उतरवता येते का? जे अडकतात त्यांचा क्रम उलटा झालेला असतो. गाडी पसंत पडते, पैसे जातात, बोटीत जागा मिळते आणि मग मुंबईतला एजंट सांगतो की स्टिअरिंग चुकीच्या बाजूला आहे, किंवा गाडी तीन वर्षांहून जुनी आहे, किंवा माल चुकीच्या बंदरात उतरतोय. तोवर परतीचा रस्ता येण्याच्या रस्त्याइतकाच महाग झालेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्यावर पैसा लावू नका. हा लेख स्वतःसाठी एक चारचाकी आणणाऱ्यांसाठी आहे. दुचाकीचे दर वेगळे असतात, तिला इथला हिशोब लावू नका.

## टप्पा १: ही गाडी आणता येते का?

स्टिअरिंग. गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगचीच हवी. या एका अटीवर अमेरिका, आखाती देश आणि जवळपास सगळा युरोप बाद होतो. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं दुबई, कुवेत, कतारमध्ये आहेत आणि तिथली गाडी परतताना सोबत न्यावी असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे, पण तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. विषय तिथेच संपतो. स्टिअरिंग इथे बदलून घेऊ, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जपान, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, दक्षिण आफ्रिका इथल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या असतात.

स्पीडोमीटर आणि हेडलाइट. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला योग्य हवा. ब्रिटनची गाडी इथे फसते. स्टिअरिंग बरोबर असतं, पण काटा मैलांचा असतो. डिजिटल डिस्प्ले किलोमीटरवर बदलता येत असेल तर तो बदललेल्या अवस्थेतला फोटो विकणाऱ्याकडून मागवून घ्या.

नवी की जुनी? सगळ्यात महाग गैरसमज इथे होतो. कस्टम्सच्या लेखी नवी गाडी म्हणजे आयातीपूर्वी कोणाला विकलेली, भाड्याने किंवा वापरायला दिलेली नाही आणि कोणत्याही देशात नोंदलेली नाही अशी गाडी. मीटरवर किती किलोमीटर आहेत याचा इथे संबंध नाही. परदेशातले काही डीलर शोरूममधली गाडी आधी स्वतःच्या नावावर नोंदवतात आणि 'अनयूज्ड, डिलिव्हरी मायलेज' म्हणून विकतात. तुमच्यासाठी ती नवी कोरी असेल, पण कागदावर ती जुनी आहे. तिला जुन्या गाडीची ड्युटी आणि जुन्या गाडीच्या सगळ्या अटी लागतात.

जुन्या गाडीच्या अटी. उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आतली हवी. तारीख उत्पादनाची, पहिल्या नोंदणीची नाही. फॅक्टरीतून निघून सात-आठ महिने यार्डात उभी राहिलेली गाडी तुमच्या मोजणीपेक्षा तेवढी म्हातारी असते. आयातीपासून पुढची किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्यालायक राहील आणि त्या काळात तिची सर्व्हिस भारतात होऊ शकेल, याची हमी द्यावी लागते. जहाजात चढण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी होऊन प्रमाणपत्र हवं. आणि जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते. या शेवटच्या अटीबद्दल टप्पा ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथे चूक फार सहज होते.

नव्या गाडीच्या अटी. नव्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. २०१८ पासून उत्पादक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी वर्षाला २,५०० गाड्या इथल्या चाचणीशिवाय आणू शकतो, त्या बातमीवर विसंबून अनेक जण निघतात. ती सवलत कंपन्यांची आहे, तुमची-आमची नाही. महागड्या, मोठ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी आयात धोरणात वेगळी तरतूद आहे. तुमचं मॉडेल तिच्यात बसतं का, हे एजंटकडून नेमक्या अटीच्या उल्लेखासह लेखी घ्या. 'होऊन जाईल साहेब' हे उत्तर स्वीकारू नका.

'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये माफ होईल' हा समज. होणार नाही. कायमचं परतणाऱ्यांना घरगुती सामानावर सवलत मिळते ती बॅगेजच्या नियमांखाली. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २(३) मधली बॅगेजची व्याख्याच सांगते की मोटार वाहन त्यात येत नाही. फ्रिज, सोफा आणि टीव्हीसोबत गाडीही त्याच यादीत लिहिली म्हणून ती सामान ठरत नाही.

गाडी काही महिन्यांपुरतीच फिरवायची असेल तर आयातीच्या फंदात पडूच नका. त्यासाठी 'कार्नेट द पासाज' नावाचा कागद असतो. परदेशात नोंदलेली गाडी ठरलेल्या मुदतीपुरती ड्युटी न भरता आणता येते आणि मुदतीत बाहेर न्यावी लागते. मुंबईत चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या कागदांचं काम जाणते.

तपासा: पुढे जाण्याआधी तुमच्या हातात चार गोष्टी असायला हव्यात: स्टिअरिंगचा आणि स्पीडोमीटरचा फोटो, चेसिस नंबरच्या प्लेटचा फोटो, उत्पादनाच्या महिन्याचा पुरावा आणि नोंदणी झाली आहे की नाही याचं विकणाऱ्याचं लेखी उत्तर. यातली एक जरी नसेल तरी थांबा.

## टप्पा २: कस्टम्स कोणती किंमत धरेल?

ड्युटी तुम्ही दिलेल्या रकमेवर लागते असं गृहीत धरू नका. ती लागते सीआयएफ किमतीवर: गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर. भाड्याचा पुरावा दाखवता आला नाही तर गाडीच्या एफओबी (भाडं-विमा सोडून, जहाजात चढवेपर्यंतच्या) किमतीच्या २० टक्के भाडं धरतात आणि विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के. समुद्रमार्गे गाडीचं खरं भाडं २० टक्क्यांच्या आसपासही नसतं, म्हणून भाड्याची पावती हरवणं हे थेट पैसे हरवणं आहे.

नव्या गाडीच्या बिलात तिथला स्थानिक कर राहिलेला नाही ना, तेही बघा. ब्रिटनमध्ये किमतीत २० टक्के व्हॅट असतो, जपानमध्ये १० टक्के उपभोग कर. निर्यातीसाठी विकताना तो वगळून बिल करता येतं का, हे डीलरला सौदा ठरण्याआधी विचारा. बिलात राहिला तर त्या करावरही आपल्याकडे ड्युटी बसते.

जुन्या गाडीत जास्त काळजी घ्यावी लागते. लिलावात स्वस्तात मिळाली म्हणून कस्टम्स ती किंमत मान्य करेलच असं नाही. रुळलेली पद्धत अशी आहे: ती गाडी नवी असताना उत्पादकाची यादीतली किंमत काय होती ते घ्यायचं आणि त्यातून घसारा वजा करायचा. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. म्हणजे पूर्ण दोन वर्षं वापरलेल्या गाडीला २८ टक्के.

एक हिशोब करून बघू. गाडीची नवी असतानाची यादी किंमत ६०,००० पौंड. दोन वर्षांनी तुम्हाला ती ३०,००० पौंडांना मिळाली. घसारा वजा जाता कस्टम्सची किंमत येते ४३,२०० पौंड. तुमच्या बिलापेक्षा १३,२०० पौंड जास्त. जुन्या पेट्रोल गाडीवरचा एकूण कर, पुढच्या टप्प्यात दिसेल त्याप्रमाणे, २३२.५ टक्के पडतो. म्हणजे नुसत्या या फरकावर ३०,६९० पौंड ड्युटी वाढली. गाडी घ्यायला जेवढे पैसे दिले त्यापेक्षाही जास्त.

म्हणून जुन्या गाडीचा हिशोब कायम दोन्ही किमतींवर करा आणि खिशाची तयारी जास्त येणाऱ्या आकड्याची ठेवा.

सावध: 'बिल कमी दाखवू' असं सुचवणारा माणूस तुमचा नाही. किंमत लपवल्याचं निघालं तर पाच वर्षं मागे जाऊन नोटीस येऊ शकते, गाडी जप्त होऊ शकते, वर दंड आणि व्याज. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदावर, नाव आयातदाराचं असतं, सल्ला देणाऱ्याचं नसतं.

## टप्पा ३: करांची बेरीज कशी होते

कर एकापुढे एक मांडून टक्केवारीची बेरीज करणं ही नेहमीची चूक. आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, हा गाडीची किंमत आणि आधीच्या ड्युट्या यांच्या एकत्रित रकमेवर बसतो. करावर कर. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात रचना बदलली. मूळ सीमाशुल्क, म्हणजे बीसीडी, १०० आणि १२५ वरून ७० टक्क्यांवर आलं आणि 'परदेशी गाड्या स्वस्त' असे मथळे झळकले. पण त्याच वेळी एआयडीसी हा कृषी पायाभूत विकास उपकर वर आला: महागड्या नव्या गाड्यांवर ४० टक्के आणि जुन्या गाड्यांवर ६७.५ टक्के. एकूण भार होता तिथेच राहिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांना ४० टक्के, लहान गाड्यांना १८, इलेक्ट्रिक गाड्यांना ५. गाड्यांवरचा भरपाई उपकर गेला.

आता मुंबईत उतरताना ५० लाख रुपये सीआयएफ किंमत असलेली, मोठ्या पेट्रोल इंजिनाची नवी गाडी धरू.

- बीसीडी ७० टक्के: ३५ लाख
- एआयडीसी ४० टक्के: २० लाख
- आयजीएसटीसाठी धरायची रक्कम: ५० + ३५ + २० = १०५ लाख
- आयजीएसटी ४० टक्के: ४२ लाख
- एकूण ड्युटी: ९७ लाख, म्हणजे सीआयएफच्या १९४ टक्के

गाडी कस्टम्सच्या दारातून बाहेर पडताना १ कोटी ४७ लाखांची झालेली असते.

हीच ५० लाखांची गाडी जुनी असेल तर एआयडीसी ३३.७५ लाख होतो, आयजीएसटी ११८.७५ लाखांवर बसून ४७.५ लाख, आणि एकूण ड्युटी १ कोटी १६ लाख २५ हजार. नवी इलेक्ट्रिक असेल तर बीसीडी आणि एआयडीसी तेच, पण आयजीएसटी फक्त ५.२५ लाख. एकूण ६०.२५ लाख. इलेक्ट्रिक आणि पेट्रोलमधला फरक सगळा आयजीएसटीतला आहे, हे लक्षात घ्या. 'इलेक्ट्रिकला ड्युटी नाही' असं जे ऐकू येतं त्यात तथ्य नाही.

४०,००० डॉलरची रेषा. नव्या गाडीची सीआयएफ किंमत ४०,००० डॉलरच्या आत आणि इंजिन पेट्रोलला ३,००० सीसी, डिझेलला २,५०० सीसीच्या आत असेल तर एआयडीसी लागत नाही, फक्त ७० टक्के बीसीडी. ही रेषा सीआयएफची आहे, बिलाची नाही. बिल ३८,५०० डॉलरचं आणि भाडं-विमा २,००० डॉलर, की झाले ४०,५००. हिशोबापुरता डॉलर ९० रुपये धरला तर सीआयएफ ३६.४५ लाख. त्यावर ४० टक्के एआयडीसी १४.५८ लाख, आणि त्या एआयडीसीवरचा ४० टक्के आयजीएसटी धरून वाढीव बोजा २० लाखांच्या वर. पाचशे डॉलरनी रेषा ओलांडल्याची ही किंमत. तुमची गाडी या रेषेच्या जवळपास असेल तर भाड्याचं कोटेशन हातात येईपर्यंत सौदा करू नका. शिवाय रेषेच्या खालच्या नव्या गाडीलाही नियम १२६ चं प्रमाणपत्र लागतंच, ते विसरू नका.

हिशोबात हमखास होणाऱ्या आणखी काही चुका अशा:

जुने लेख वाचून २८ टक्के जीएसटी आणि त्यावर भरपाई उपकर धरणं. ते दर संपले. मुंबईचा जकात कर धरणं, तोही १ जुलै २०१७ ला जीएसटीसोबत गेला, पण जुन्या एक्सेल फायलींमध्ये अजून जिवंत आहे.

'कंपनीच्या नावावर आणू आणि आयजीएसटीचं क्रेडिट घेऊ.' जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर, गाडी विकण्याचा किंवा भाड्याने चालवण्याचा धंदा नसेल तर, क्रेडिट मिळत नाही. बहुतेकांचा धंदा या अपवादात बसत नाही.

'ब्रिटनशी करार झालाय, आता ड्युटी दहा टक्के.' भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, पण त्यातली गाड्यांची सवलत कोट्यात बांधलेली आहे. आणि अशा करारांची सवलत मिळते ती गाडी कुठे विकत घेतली त्यावर नाही, कुठे बनली त्यावर. लंडनमधून घेतलेली जर्मन बनावटीची गाडी ब्रिटिश ठरत नाही. मूळ देशाचा दाखला लागतो आणि २०२० च्या नियमांप्रमाणे त्याची माहिती देण्याची जबाबदारी आयातदारावर असते.

तपासा: परकीय चलनाचा दर बँकेचा नाही, कस्टम्सने जाहीर केलेला धरायचा, बिल ऑफ एंट्री दाखल होईल त्या दिवसाचा. ड्युटीचा दर मात्र बिल ऑफ एंट्री आणि जहाजाला मिळालेली आवक नोंद यांतली जी तारीख नंतरची असेल तिचा लागतो. जानेवारीच्या शेवटी आगाऊ कागद भरून निश्चिंत झालेल्याची गाडी फेब्रुवारीत अर्थसंकल्पानंतर लागली, तर दर नवा लागू शकतो.

## टप्पा ४: ड्युटीबाहेरचा खर्च

इथे नेमके आकडे देत नाही, कारण ते शिपिंग लाइन (जहाज कंपनी), एजंट आणि गाडीगणिक बदलतात. पण खालच्या प्रत्येक बाबीला लेखी कोटेशन घ्या, आणि रिकामी ओळ म्हणजे शून्य खर्च असं समजू नका.

परदेशात: गाडी बंदरापर्यंत नेणं, निर्यात कागद, जहाजपूर्व तपासणी, कंटेनरमध्ये बांधणी.

वाटेत: भाडं आणि सागरी विमा. विमा 'टोटल लॉस'पुरता न घेता ओरखडे, पोचे, मोडतोड धरणारा घ्या.

मुंबईत: शिपिंग लाइनचे टर्मिनल चार्जेस आणि डिलिव्हरी ऑर्डरची (डीओची) फी, डीओवरची स्टॅम्प ड्युटी, गोदी किंवा सीएफएसचं (कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचं) भाडं, एजंटची फी, चाचणी संस्थेची फी, तिथवर गाडी वाहून नेण्याचा ट्रेलर, आणि या बहुतेक सेवांवर जीएसटी.

जुन्या गाडीत गोदीचं भाडं हीच सर्वांत बेभरवशाची ओळ आहे. गाडी उतरल्यावर, कस्टम्समधून सुटण्याआधी, तिची चाचणी पुण्याच्या एआरएआय, अहिल्यानगरच्या व्हीआरडीई अशा संस्थेत करून ती आपल्या मोटार वाहन कायद्यात आणि नियमांत बसते असं प्रमाणपत्र आणावं लागतं. चाचणीची तारीख मिळेपर्यंत भाडं चालू. चाचणीची वेळ गाडी बोटीत चढण्याआधी एजंटमार्फत ठरवायला घ्या, गाडी आल्यावर नव्हे.

## टप्पा ५: कागद, जहाज सुटण्याआधी

पहिलं काम एजंट निवडण्याचं. त्याच्याकडे कस्टम्स ब्रोकरचा परवाना आहे का ते पाहा आणि त्याने याआधी खासगी गाडी सोडवली आहे का ते विचारा. कापड आणि यंत्रांचे सुटे भाग वर्षानुवर्षं सोडवणारा हुशार एजंटही गाडीच्या अटींत चाचपडतो.

स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्या व्यक्तीला आयईसी (आयात-निर्यातदाराच्या) क्रमांकातून सूट आहे. कंपनीच्या नावावर आणत असाल तर तो हवा आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत केलेला हवा, नाहीतर ऐनवेळी तो बंद सापडतो.

फाइलीत असावं असं: विक्रीचं बिल, पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजात घेतल्याचा जहाज कंपनीचा कागद), विम्याची पॉलिसी, उत्पादनाच्या तारखेचा पुरावा, उत्पादकाची त्या वेळची किंमत यादी, जहाजपूर्व तपासणीचं प्रमाणपत्र, जुन्या गाडीसाठी परदेशातली नोंदणी रद्द झाल्याचा किंवा निर्यातीचा दाखला, पासपोर्ट, पॅन, आधार, एजंटला दिलेलं अधिकारपत्र.

नाव सगळीकडे एकच आणि एकाच स्पेलिंगचं हवं. बिल भावाच्या नावावर, लेडिंग स्वतःच्या, आणि आरसी वडिलांच्या नावावर हवी, असं असेल तर प्रत्येक खिडकीवर खुलासा मागतील. चेसिस नंबर बिल, लेडिंग, तपासणी प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष गाडीवर अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल ही नेहमीची अडचण आहे. ती दुरुस्ती परदेशात काही तासांत होते, मुंबईत गोदीचं भाडं भरत होते.

बँकेतून पैसे पाठवताना हेतू 'आयात' असाच सांगा. नातेवाइकाच्या खात्यावर घरखर्चाच्या नावाने पाठवलेली रक्कम गाडीच्या किमतीचा पुरावा म्हणून उभी राहत नाही.

## टप्पा ६: बंदर आणि बोट

जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातून, हे वर आलंच. आता घोळ कुठे होतो ते बघा. परदेशातल्या बुकिंग क्लार्कला 'मुंबई' सांगितलं की तो बहुतेक वेळा न्हावा शेवा लिहितो, कारण मुंबईचे कंटेनर सहसा तिकडेच जातात. कस्टम्सच्या दृष्टीने ही दोन वेगळी बंदरं आहेत. मुंबई बंदर म्हणजे इंदिरा डॉकचं, ज्याचं कस्टम्स बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये आहे आणि ज्याचा कोड आयएनबीओएम१. न्हावा शेवा म्हणजे खाडीपलीकडे उरणचं जवाहरलाल नेहरू बंदर, ज्याचं कस्टम्स जवाहरलाल कस्टम हाऊसमध्ये आणि कोड आयएनएनएसए१. नवी गाडी न्हावा शेवा, मुंबई बंदर किंवा सहारच्या एअर कार्गोतून येऊ शकते. जुनी गाडी उरणला उतरली तर ती अटीबाहेर उतरली.

तपासा: लेडिंगचा मसुदा मागवा. 'पोर्ट ऑफ डिस्चार्ज'च्या रकान्यात काय छापलं आहे ते स्वतः वाचा. एजंटने फोनवर सांगितलं एवढ्यावर समाधान मानू नका.

गाडी रो-रो जहाजातून, म्हणजे चालवत चढवून-उतरवून, किंवा कंटेनरमधून येते. महागडी गाडी असेल तर मी कंटेनरच सुचवेन, कारण हाताळणी कमी आणि कुलूप तुमचं. टाकीत इंधन अगदी थोडं ठेवा, बॅटरी सोडवा. गाडीच्या डिकीत कपडे, भांडी, खेळणी भरून पाठवायचा मोह आवरा. जाहीर न केलेलं सामान सापडलं की संपूर्ण कंटेनरची तपासणी लांबते.

गणपती, दिवाळी किंवा मार्च अखेर गाडी लागेल असं बुकिंग टाळा. बोटी त्या दिवसांतही येतात, पण जोडून सुट्ट्या आल्या की सहीचा माणूस भेटत नाही आणि मीटर चालूच राहतो. लाइनकडून कंटेनरचे मोफत दिवस आधीच वाढवून मागा. बुकिंग करताना ते मिळतात, गाडी आल्यावर कोणी देत नाही.

## टप्पा ७: बिल ऑफ एंट्री ते गेट

बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवं. ३० दिवस आधीपासून ते भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये आकार. 'गाडी येऊ दे, मग बघू' ही सवय इथे रोख महाग पडते.

छाननी होऊन बिल ऑफ एंट्री परत आलं की सुट्टी वगळता पुढच्या एका दिवसात ड्युटी भरायची, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. आपल्या ५० लाखांच्या उदाहरणात ९७ लाख रुपये एका दिवसात भरायचे आहेत. मुदत ठेव मोडायची असेल, म्युच्युअल फंड विकायचे असतील, तर पैसे खात्यात येऊन पडायला किती दिवस लागतात ते मोजून आधीच मोकळे करा. बँकेची ऑनलाइन भरण्याची मर्यादाही वाढवून घ्या. इतकी रक्कम एकदम जात नाही हे अनेकांना त्याच संध्याकाळी कळतं.

तपासणीच्या वेळी शक्य असेल तर हजर राहा. कंटेनर उघडताना फोटो आणि व्हिडिओ काढा. ओरखडा, फुटका दिवा जे दिसेल ते गोदीतच सर्व्हेअरकडून लिहून घ्या. गेटबाहेर पडल्यावर विमा कंपनीला ते पटवणं फार अवघड जातं.

सावध: गाडी सुटली म्हणून इंदिरा डॉकवरून चालवत घरी नेऊ नका. ती अजून भारतात नोंदलेली नाही. ट्रेलरवरच न्या.

## टप्पा ८: आरटीओ आणि पासिंग

ड्युटी भरून झाली की खर्च संपला असं वाटतं, आणि तिथेच हिशोबातली दुसरी मोठी रक्कम उभी असते. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, तोही ड्युटीसह उतरलेल्या किमतीवर. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे.

आपली १ कोटी ४७ लाखांना पडलेली नवी पेट्रोल गाडी घ्या. २० टक्के म्हणजे २९ लाख ४० हजार. जुनी, १ कोटी ६६ लाख २५ हजारांची, ३३ लाखांच्या वर जाते, पण मर्यादेमुळे ३० लाखांवर थांबते. म्हणजे ५० लाखांच्या नव्या गाडीचा आकडा, गोदी, एजंट आणि विमा न धरताच, १ कोटी ७६ लाख ४० हजारांवर जातो. सीआयएफच्या साडेतीन पट.

पत्त्याप्रमाणे आरटीओ ठरतं: ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. फॉर्म २०, बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती, कस्टम्सचा सुटकेचा दाखला, परवाना किंवा बाँड असेल तर तोही, चाचणीचं प्रमाणपत्र, परदेशातली नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा आणि पॅन न्या. आयात चारचाकीची नोंदणी फी ५,००० रुपये. मोटार वाहन निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष पाहतो. शोरूमची गाडी संगणकात आधीच असते. तुमची एकटी गाडी मात्र तिथे नव्याने चढवावी लागते, त्यामुळे ट्रेलर घेऊन जाण्याआधी एकदा फाइल घेऊन जा आणि काय कमी आहे ते विचारून या.

कर वाचवायला पुदुच्चेरीसारख्या ठिकाणच्या भाड्याच्या पत्त्यावर पासिंग करून गाडी मुंबईत चालवायचा सल्ला मिळेल. खोट्या पत्त्यावरची नोंदणी कायम डोक्यावर टांगलेली राहते, आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहिली की इथली नोंदणी आणि कर मागतातच.

विमा घेताना गाडीची घोषित किंमत ड्युटी धरून ठरवा आणि सुट्या भागांच्या आयातीचा उल्लेख पॉलिसीत करून घ्या. एक हेडलाइट परदेशातून मागवावा लागला तर त्यावरही ड्युटी असते.

## टप्पा ९: पासिंगनंतरचे दोन कागद

बँकेला बिल ऑफ एंट्रीची प्रत द्या. परदेशात गेलेली रक्कम आणि आलेला माल यांची जुळणी रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत व्हावी लागते. ती उघडी राहिली तर बँक पुढच्या रकमा अडवते. जुळणी झाल्याचा ईमेल मागून घ्या.

आणि पूर्ण फाइल, भाड्याच्या पावतीपासून ड्युटीच्या चलनापर्यंत, किमान पाच वर्षं जपा. गाडी त्याआधी विकली तर मूळ कागद खरेदीदाराच्या हाती देऊन मोकळं होऊ नका, प्रमाणित प्रती द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर केरळमध्ये कस्टम्सने छापे घातले तेव्हापासून आयात गाडीचा शहाणा खरेदीदार सर्वांत आधी बिल ऑफ एंट्री मागतो आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीशी ताडून पाहतो.